पाकिटातले अन्न आणि घागरीतले पाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी ज्यांची भाषणे झाली त्यांचे विषय मोठे होते. एका विदुषींनी ज्ञानेश्वरीतील उपमांचा परामर्श घेतला. दुसऱ्या वक्त्यांनी नागपूरकर भोसल्यांच्या १७५१ ते १८०३ या काळातील ओडिशातल्या अंमलाची हकीगत साधार सांगितली. त्या पंक्तीत माझेही पान मांडावे असा कार्यवाहांचा आग्रह पडला आणि तो मला मोडवला नाही. मात्र पानात वाढण्यासाठी मी जे आणले आहे ते अगदीच कोरडे अन्न आहे, आणि तेही पाकिटातले.

मी शास्त्राचा विद्यार्थी नव्हे. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो. या नोकरीत बारा नव्हे, पण सहा गावांचे पाणी प्यालो. त्यांपैकी एका गावी घरात प्यायला पाणीच उरले नाही. तेव्हा जे शिकलो, ते आज आपणांपुढे ठेवणार आहे.

भुवनेश्वरात राहणाऱ्यांना वादळाची ओळख मी करून देण्याचे कारण नाही. १९९९ च्या ऑक्टोबरातील महाचक्रीवादळ आपल्यातील ज्येष्ठांनी पाहिले आहे आणि ३ मे २०१९ चे ‘फनी’ तर बहुतेकांनी अंगावर घेतले आहे. अशा प्रसंगांसाठी घरात काय ठेवावे, हा प्रश्न मला येथे बदलून आल्यापासून अनेकांनी विचारला. दुसरीकडे आपले तरुण सभासद उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालयाच्या वाटा तुडवू लागले आहेत, आणि तेही विचारतात की ती गोठवून वाळवलेल्या अन्नाची पाकिटे घ्यावीत काय. दोन्ही मंडळींच्या मनात एक समजूत पक्की असते, की जे पाकीट डोंगरावर चालते तेच वादळातही चालेल. ही समजूत माझीही होती.

प्रथम हे अन्न बनते कसे, ते थोडक्यात पाहू. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर सांडगे, कुरडया, गवारीच्या शेंगा वाळत पडतात. उन्हाने पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होते, तिच्या मागोमाग आतले पाणी वर येते आणि येताना विरघळलेले क्षार व साखर बरोबर आणते. पदार्थ आक्रसतो, त्याची साल आवळून घट्ट होते. म्हणूनच वाळवलेली गवार करायची तर ती बराच वेळ भिजत घालावी लागते आणि तरीही ताज्या गवारीचे रूप तिला येत नाही. तिला तिची स्वतःची चव असते आणि मला ती अधिक आवडते, हा भाग निराळा.

गोठवून वाळवण्याची रीत याहून वेगळी आहे. शिजवलेला पदार्थ शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत कडक गोठवतात आणि निर्वात कोठीत ठेवतात. कोठीतील दाब पाऱ्याच्या साडेचार मिलिमीटरच्याही खाली उतरला, की बर्फाला पाणी होताच येत नाही. जरा ऊब मिळताच त्याची थेट वाफ होते. देवघरात कापूर उघडा राहिला तर ओलाव्याची खूणही न ठेवता उडून जातो, तसेच हे. क्रमिक पुस्तकांत याला संप्लवन म्हणतात. पाणी जागच्या जागी गोठलेले असल्यामुळे जिथे बर्फाचा कण होता तिथे तेवढीच पोकळी राहते. पदार्थाचा आकार बदलत नाही, तो फक्त हलका आणि सच्छिद्र होतो. मागाहून गरम पाणी घातले की ते त्या छिद्रांत शिरते आणि दहा-पंधरा मिनिटांत भात भातासारखा दिसू लागतो. मात्र एक खेप तयार व्हायला एखादा दिवस, कधी अधिकही लागतो, आणि तेवढा वेळ शीतयंत्र व पंप अखंड चालू असतात. या पाकिटांची किंमत ऐकून आपण जे डोळे विस्फारतो, त्याचे कारण बहुतांशी हे आहे.

युक्ती तशी नवी नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावरचे शेतकरी बटाटे रात्रीच्या थंडीत गोठू देतात, मग पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात आणि उन्हात सुकवतात. त्याला ‘चुन्यो’ म्हणतात आणि इंका राजवटीची कोठारे त्याने भरलेली असत. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव आणि पेनिसिलिन टिकवण्यासाठी हेच काम यंत्रावर होऊ लागले. पुढे कॉफीची पाळी आली, आणि व्हिएतनामच्या युद्धात लांबच्या गस्तीवर जाणाऱ्या अमेरिकन सैनिकांच्या पाठपिशव्यांतून हे अन्न गिर्यारोहकांच्या पाठपिशव्यांत गेले. आपल्याकडे संरक्षण खात्याची अन्नसंशोधन प्रयोगशाळा १९६१ साली म्हैसूरला निघाली. १९८४ साली राकेश शर्मा अवकाशात गेले तेव्हा त्यांच्याबरोबरचे भारतीय पदार्थ याच प्रयोगशाळेने सिद्ध केले होते. २०२५ साली शुभांशु शुक्ला अवकाशस्थानकात गेले ते गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस घेऊन. आमरस तिथवर पोहोचल्याचे वाचून आमच्या घरी जो आनंद झाला, तो यान सुखरूप पोहोचल्याच्या आनंदाहून कमी नव्हता.

आता दुकानातील फळीकडे वळू. तेथे ‘तयार अन्न’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या जाती शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, आणि सारा घोटाळा येथूनच सुरू होतो. पहिली जात गोठवून वाळवलेल्या अन्नाची. पाकीट फुगीर आणि हातात घेताच रिकामे वाटावे इतके हलके. दुसरी जात साध्या उष्णतेने वाळवलेल्या वा भाजून ठेवलेल्या मिश्रणांची. आपल्या उपम्याची, खिचडीची तयार पीठे यांत येतात. त्यांना पाणी तर लागतेच, पण बहुधा विस्तवावर पाच-दहा मिनिटे शिजवावेही लागते. तिसरी जात रिटॉर्ट पाकिटांची. यांत शिजवलेली ओली भाजी किंवा पुलाव धातूच्या पत्र्याचा थर असलेल्या पाकिटात बंद करून, पाकिटासकट दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवून निर्जंतुक केलेला असतो. हे पाकीट जड असते, कारण त्यातले पाणी त्यातच असते. मात्र त्याला बाहेरून थेंबभर पाणी लागत नाही, आणि वेळ पडली तर ते थंडच उघडून खाता येते. चव थोडी निस्तेज लागते, एवढेच. या तीन जातींतील फरक चवीचा किंवा टिकण्याचा आहे असे आपण समजतो. खरा फरक पाण्याचा आणि जळणाचा आहे, आणि तो मला २०१५ साली, सहा महिन्यांच्या अंतराने, दोनदा शिकावा लागला.

त्या वेळी माझी नेमणूक चेन्नईस होती. जून महिन्यात अमेरिकेहून रजेवर आलेला माझा भाचा, माझा मुलगा आणि मी असे तिघे हिमाचलात हामटा खिंडीच्या वाटेने गेलो. खिंड सुमारे ४,२७० मीटर उंचीवर आहे. भाच्याने तिकडून येताना चौदा पाकिटे आणली होती. राजम्यासारखे घेवडे आणि भात, भाज्या घातलेल्या शेवया, असे प्रकार. एका पाकिटाचे वजन दीडशे ग्रॅमच्या आत, पाणी घातल्यावर अर्ध्या किलोहून अधिक. डोंगरावर जाणाऱ्याला याचे मोल सांगावे लागत नाही. आठ पाकिटे म्हणजे सव्वा किलोच्या आतले ओझे, आणि पाणी तर वाटेवर ओढ्याचे हवे तेवढे. आम्ही हुरळून गेलो.

पहिल्या रात्रीचा मुक्काम सुमारे ३,६०० मीटरवर होता. पाणी उकळले, पाकिटात ओतले, घड्याळ लावून बरोबर दहा मिनिटांनी उघडले, तो घेवडे दाताखाली खड्यासारखे! चूक पाकिटाची नव्हती. त्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागते, आणि आम्ही पाकीट उघड्या दगडावर ठेवले होते. ते पाच मिनिटांत कोमट झाले असणार. शिवाय पाकिटात लोहचूर्णाची एक छोटी पुडी असते. आतला प्राणवायू शोषून घेऊन ती स्निग्ध पदार्थ खवट होऊ देत नाही. पाणी ओतण्यापूर्वी ती काढायची असते. ती तशीच राहिली आणि अंधारात माझ्याच वाट्याला आली. दुसऱ्या रात्री आम्ही शहाणे झालो. पुडी काढली, लांब दांड्याच्या चमच्याने तळाचे कोपरे ढवळले, कारण कोरडी भुकटी नेमकी तेथे दडून बसते. मग तोंड बंद करून पाकीट लोकरीच्या स्वेटरात गुंडाळले आणि वीस मिनिटे त्याच्याकडे पाहिलेच नाही. त्या रात्रीचा घेवडेभात मला अजून आठवतो.

हे प्रत्यक्षच दाखवावे म्हणून मी खिचडीचे एक पाकीट आणले आहे. ही पुडी काढली. ती या बशीत ठेवतो, सर्वांना दिसेल. थर्मासमधील पाणी सकाळी नव्हे, निघण्यापूर्वी उकळून भरले आहे. पाकिटावर मापाची रेघ आहे, तिथवर ओततो. अंदाजाने ओतू नये. पाणी कमी पडले तर अधिक घालता येते, पण जास्त झाले तर आमटी होते. आता ढवळून बंद करतो आणि या पंच्यात गुंडाळतो. पहिल्या रांगेतील बालमित्राने कृपा करून घड्याळाकडे लक्ष ठेवावे.

तोवर निवडीविषयी थोडे बोलतो. पाकिटाच्या पुढच्या बाजूवरील चित्र पाहू नये, मागची बाजू वाचावी. ‘दोन माणसांसाठी’ या शब्दांना काही अर्थ नाही. दिवसभर चढण चढलेला माणूस ते एकटा संपवतो आणि डब्यात आणखी काय आहे म्हणून विचारतो. उष्मांक पाहावेत. डाळ-तांदळाच्या कोरड्या शंभर ग्रॅमांत साधारण साडेतीनशे ते चारशे उष्मांक असतात. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढणाऱ्याला दिवसाला अडीच-तीन हजारांवर लागतात. म्हणजे नुसत्या पाकिटांवर चालत नाही. गूळ, शेंगदाणे, तुपातले लाडू लागतातच. त्यांतही तूप वजनाच्या मानाने सर्वांत किफायतशीर, ग्रॅमला नऊ उष्मांक. आपल्या आज्या प्रवासाला डिंकाचे लाडू देत, त्यांत हाच हिशेब होता. त्यांनी तो अंकांत मांडला नव्हता, इतकेच.

मीठ अवश्य पाहावे. का, ते पुढे येईल. पाकीट आतून चंदेरी, अपारदर्शक असावे. पारदर्शक प्लॅस्टिकमधून प्रकाश आणि दमट हवा आत शिरते, आणि आपल्या या किनारपट्टीच्या हवेत तर वाळवलेला पदार्थ उघडा पडला की तासाभरात चिवट होतो. हवाबंद डब्यांतले अन्न पंचवीस वर्षे टिकते असे काही परदेशी उत्पादक सांगतात. आपण पाकिटावर छापलेली तारीख प्रमाण मानावी आणि बाकीची वर्षे त्यांना द्यावीत. आणखी एक गोष्ट विमानाने जाणाऱ्यांसाठी: लहान शेगडीचे गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, हातातल्या पिशवीतही नाही आणि सामानातही नाही. ते पायथ्याच्या गावी घ्यावे लागतात. नाहीतर पाकिटे आहेत आणि विस्तव नाही, अशी गत होते.

एक गैरसमज मात्र स्पष्ट केला पाहिजे. गोठवून वाळवल्याने जंतू मरतातच असे नाही. पाण्यावाचून ते नुसते निपचित पडून राहतात आणि पाणी मिळताच जागे होतात. म्हणून पाणी घातलेले अन्न हे ताज्या शिजवलेल्या अन्नाइतकेच नाशवंत समजावे, दोन तासांच्या आत संपवावे, आणि उरलेले सकाळसाठी ठेवू नये. पाणीही शुद्ध हवे. डोंगरावर ८८ अंशांना उकळलेले पाणी रोगजंतूंना पुरेसे असते, ते तीनेक मिनिटे खळखळू द्यावे. पुराच्या पाण्याची गोष्ट निराळी. त्यात गटारे असतात, तेल असते, काय काय असते. उकळून जंतू मरतात, पण रॉकेल उडून जात नाही.

आणि आता चेन्नई. आमच्या चौदा पाकिटांपैकी सहा उरली होती. ती मी घरी आणून कपाटात मांडली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागलो. १ डिसेंबर २०१५ रोजी पाऊस कोसळला. चोवीस तासांत तांबरमला ४९ सेंटिमीटर. अड्यार नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. वीज गेली, दूरध्वनी गेले, विमानतळ बंद पडला. ‘हिंदू’ वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी छापले गेले नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. तळमजल्यावरचे वृद्ध जोडपे, ज्यांना साऱ्या इमारतीत मामा आणि मामी म्हणत, त्यांना आम्ही वर आणले. मुलगा वसतिगृहात होता. घरात मी, पत्नी, मुलगी, माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आणि हे दोघे, अशी सहा माणसे झालो.

चेन्नईत प्यायचे पाणी वीस लिटरच्या मोठ्या बाटल्यांतून येते. आमच्याकडे एक बाटली होती आणि ती अर्धी झालेली. इमारतीच्या खालच्या टाकीत पुराचे पाणी मिसळले होते, आणि वीज नसल्याने वरची टाकी कोरडी. गॅसचे सिलिंडर अखेरच्या आठवड्यातले. हे सारे मला ठाऊक होते. पण तसा हिशेब मी केला नाही. मला आठवली ती कपाटातली पाकिटे. पहिल्या संध्याकाळी मी मोठ्या दिमाखाने त्यांतली दोन उघडली आणि प्रत्येकात चारशे मिलिलिटर उकळते पाणी ओतले. सर्वांनी कौतुक केले. मामा तर म्हणाले की शास्त्राने कमाल केली.

रात्री आईने तीन वेळा पाणी मागितले. मुलीनेही मागितले. पुढे पाकिटाच्या पाठीवरचे आकडे वाचले तेव्हा उलगडा झाला. एका पाकिटात सोडियम १,६०० मिलिग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २,००० च्या खाली राहायला सांगते, आणि माझ्या आईला रक्तदाबाचा विकार होता. म्हणजे त्या अन्नाने आमचे पाणी दोनदा घेतले, एकदा पाकिटात आणि एकदा तहानेत.

सकाळी माझ्या पत्नीने उरलेली चार पाकिटे कपाटात बंद केली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाण्याचा हिशेब लिहिला. मामींनी वर येताना एका पिशवीत अवल आणला होता. अवल म्हणजे आपले पोहे. ओट्यावर तीन नारळ होते. आईने पलंगावरून सांगितले आणि मुलीने केले: नारळ फोडून त्यांचे पाणी पोह्यांवर शिंपडले, खोबरे खवून घातले, कांदा, मिरची, लिंबू, आणि वर झाकण ठेवून दडपून ठेवले. अवल जाड होता, मऊ व्हायला पाऊण तास लागला. विस्तव लागला नाही, बाटलीतल्या पाण्याचा थेंब लागला नाही. पोहे मुळात भात कांडण्यापूर्वीच भिजवून, भाजून घेतलेला असतो. शिजवण्याचे काम आधीच होऊन गेलेले असते, म्हणून त्यांना थंड पाणीही पुरते. मामींनी विचारले की तुमच्याकडे याला काय म्हणतात. दडपे पोहे म्हटल्यावर त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

दुसऱ्या रात्री बाटलीत चार लिटरांच्या आतच पाणी होते. वाटी भरून सर्वांना दिले तेव्हा आईने आपली वाटी नातीकडे सरकवली आणि “मला तहान नाही” म्हणाली. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला दिवसभर तहान नाही, हे मी खरे मानले, कारण ते मानणे सोयीचे होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून उभी राहिली आणि गरगरून भिंतीशी बसली. ओठ कोरडे पडले होते. होते नव्हते ते पाणी साखर-मीठ घालून तिला चमच्याचमच्याने पाजले. दुपारी कोळ्यांची होडी आली आणि तिच्यातून पाणी आले. संध्याकाळपर्यंत आई बोलू लागली, आणि पहिले काय बोलली तर मामींना नारळाचे पैसे द्यायला नकोत, पण त्यांचा डबा रिकामा परत करू नकोस. त्यानंतर ती सात वर्षे आमच्यात होती. परंतु घरात चार पाकिटे भरलेली असताना माणूस पाण्यावाचून भिंतीशी बसला, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून अद्याप गेलेले नाही.

आता आपल्या शहरासंबंधी. पुराने चेन्नईत आम्हाला गाठले तसे चक्रीवादळ बहुधा न सांगता येत नाही. हवामान खात्याच्या सूचना दोन-तीन दिवस आधी येतात. तेवढ्या वेळात दुकानातून दूध आणि पाव आणायला आपण धावतो. माझी विनंती अशी, की आधी पाणी मोजावे. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी, दर दिवशी तीन लिटर धरावे. चार माणसांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ३६ लिटर, म्हणजे वीस लिटरच्या दोन बाटल्या, आणि चार लिटर हाताशी. भांडी आणि न्हाणीघरासाठी बादल्या, पिंपे वेगळी. ‘फनी’नंतर वीज कित्येक दिवस नव्हती, आणि वीज नाही म्हणजे पंप नाही, हे इथल्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

पाणी भरून झाले की मग अन्न. पहिल्या दिवशी घरच्या दशम्या, चटणी, लाडू. हे कोणालाही न शिकवता जमते. त्याबरोबर असे अन्न, ज्याला पाणीही नको आणि विस्तवही नको: फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खजूर, आणि रिटॉर्टची काही पाकिटे. मग पोहे. येथे वादळानंतर मदत म्हणून सरकार चुडा आणि गूळ वाटते. आपल्यातील काहीजणांना मी ते पाहून हसताना ऐकले आहे. चुडा म्हणजे मामींचा अवल, आणि अवल म्हणजे आपले पोहे. पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखलेले आहे, आणि मला त्यासाठी अमेरिकेची पाकिटे आणावी लागली.

गोठवून वाळवलेली पाकिटे या यादीत अगदी शेवटी येतात. ती टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. वादळ ओसरले, पाणी येऊ लागले, पण बाजार अजून उघडला नाही, अशा चौथ्या-पाचव्या दिवशी ती मोलाची ठरतात. तेव्हाही प्रत्येक पाकिटाच्या नावाने त्याचे पाणी वेगळे काढून ठेवावे. पाकिटावर लिहिलेले माप त्या ३६ लिटरांतून वजा करावे. घरात वृद्ध माणूस असेल तर कमी मिठाचे शोधावे, आणि ते आधी एकदा साध्या दिवशी खाऊन पाहावे. भीतीच्या दिवसांत अनोळखी चवीचे अन्न लहान मुले तोंडात धरून बसतात, गिळत नाहीत. तान्ह्या मुलांची आणि मधुमेह्यांची सोय ही या पाकिटांत नसते, ती स्वतंत्र करावी.

तपासणीसाठी दोन दिवस मला सोयीचे वाटतात, एक गुढीपाडवा आणि दुसरा घटस्थापना. बंगालच्या उपसागरातील वादळांचे दोन हंगाम, उन्हाळ्याचा आणि पावसानंतरचा, त्यानंतरच येतात. त्या दिवशी डबा काढावा, तारखा पाहाव्यात, जुने पुढे आणि नवे मागे ठेवावे, आणि ज्यांची मुदत जवळ आली ती त्या आठवड्यात खाऊन टाकावीत. गॅस शेवटच्या आठवड्यातला आहे की पहिल्या, हेही त्याच दिवशी पाहावे. सहली करणाऱ्या तरुणांना उरलेली पाकिटे देऊन टाकायलाही हरकत नाही. ओढ्याकाठी त्यांची खरी जागा आहे.

बालमित्र हात वर करीत आहेत, म्हणजे वीस मिनिटे केव्हाच झाली. पंचा सोडतो. वाफ येते आहे, हे मागच्या रांगेपर्यंत दिसत असेल. शेजारच्या पातेल्यात माझ्या पत्नीने दुपारी दडपून ठेवलेले पोहे आहेत, येथल्याच चुड्याचे. दोन्ही चाखून पाहावे, चमचे दाराजवळच्या टेबलावर आहेत आणि मुलांना आधी वाढावे. लोहचूर्णाची पुडी या खेपेस बशीत आहे, आपण सर्वांनी ती पाहिली आहे.